वाहतंय की चोंदलंय?

२०२४ च्या जानेवारीतली एक संध्याकाळ. अमेरिकेत, टेक्ससमधल्या ऑस्टिनला, आमच्या घराजवळच्या औषधाच्या दुकानात, अगदी मागच्या काउंटरपाशी मी उभी होते. चार रात्री धड झोप नव्हती. आडवं झालं की नाक बंद, म्हणून दोन उशा आणि एक लोड पाठीशी रचून बसल्या बसल्या डुलक्या काढलेल्या. तोंडानं श्वास घेऊन घेऊन घशाला कोरड पडलेली, ओठांना चिरा, नाकाखालची कातडी पुसून पुसून सोलवटलेली आणि तिथं साजूक तुपाचं बोट फिरवलेलं. डोळ्यांचे कोपरे इतके खाजत होते, की चोळू नये हे कळत असूनही हात तिकडेच जायचा. दुकानात ‘ॲलर्जी’ अशी पाटी लावलेली एक अख्खी मांडणी आहे, गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत नुसती खोकी. दिवसाची गोळी, रात्रीची गोळी, बारा तासांची, चोवीस तासांची. अर्धा तास मी खोकी उलटसुलट करून बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी येऊन अक्षरं विरघळायची. शेवटी मागच्या काउंटरवर गेले आणि तिथल्या फार्मासिस्ट बाईंना म्हटलं, ‘तुमच्याकडचं सगळ्यात जोरकस औषध द्या.’ पन्नाशीच्या असतील त्या. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, ‘नाक वाहतंय की चोंदलंय?’

मला उत्तर देता आलं नाही.

प्रश्न अवघड होता म्हणून नव्हे. इतकी वर्षं हे दुखणं अंगावर वागवूनही मी कधी त्याच्याकडे असं बघितलंच नव्हतं, म्हणून. ‘सर्दी आहे, फार आहे,’ एवढंच मी सांगत आले होते. बाई थांबून राहिल्या. मग त्यांनीच एकेक विचारायला सुरुवात केली. शिंका सकाळी जास्त की दिवसभर? खाज नाकात, डोळ्यांत, की टाळूलासुद्धा? आडवं झाल्यावर वाढतं का? रक्तदाब आहे का? आजवर काय काय घेतलंत? मी पर्समधून एकेक वस्तू काढून काउंटरवर मांडली: पुण्याहून आणलेली सेटिरिझिनची पट्टी, गेल्या आठवड्यात घेतलेल्या लाल गोळ्यांचं खोकं, निलगिरी तेलाची छोटी बाटली. त्यांनी एकही वस्तू हसण्यावारी नेली नाही. माझ्या मागे दोन माणसं खोळंबली होती, तरी त्यांच्या बोलण्यात घाई नव्हती. त्या पाच-सात मिनिटांत माझ्या नाकाची जेवढी विचारपूस झाली, तेवढी त्याआधीच्या चाळीस वर्षांत झाली नसेल. घरी परतताना गाडीत मला रडू आलं, आणि ते कशाचं हे कळायला पुढं बरेच दिवस गेले.

आपल्याकडे शब्दांची वाण आहे असं नाही. नाक वाहतं, गळतं, चोंदतं, भरतं, हुळहुळतं. डोळे चुरचुरतात. टाळू खवखवते. कान आतून खाजतो, इतका आत की करंगळी पोचत नाही. डोकं जड होतं, कपाळ ठणकतं. घरात बोलताना हे सगळं आपण सहज बोलतो. पण डॉक्टरांच्या खुर्चीसमोर किंवा केमिस्टच्या फळीसमोर उभं राहिलो की सगळे शब्द घरीच राहतात आणि तोंडातून एकच निघतो, सर्दी. समोरचाही मग सर्दीची गोळी देतो. एका पट्टीत तीन-तीन औषधं, एक तापाचं, एक शिंकांचं, एक नाक मोकळं करायचं. कुठलं लागू पडलं, कुठलं उगाच पोटात गेलं, कोण बघतो? आणि सर्दीनं कोणी मरत नाही, त्यामुळे तिची तक्रार करणं हेच जरा नाजूकपणाचं लक्षण. मी लहानपणापासून हेच ऐकलं: ‘तिचा कोठाच सर्दीचा आहे, बाबांवर गेलीय.’

बाबांच्या शिंकांवर आमच्या चाळीचं घड्याळ लागायचं असं शेजारच्या काकू म्हणायच्या. पहाटे साडेपाचला पांघरूण दूर केलं की सुरुवात. पहिल्या दोन-तीन सुट्या, मग ओळीनं दहा, बारा, पंधरा. शेवटी शेवटी बाबा भिंतीला हात टेकून उभे राहायचे. मग आई चहात सुंठ जास्त घालायची. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून त्यांच्या हातात द्यायची. कपाळावर वेखंडाचा लेप, रात्री घोंगडी डोक्यावर घेऊन वाफारा. दोरीवर त्यांचे चौकड्याचे रुमाल ओळीनं वाळत असायचे. दिवसाला चार, कार्तिकात सहा. ते रुमाल उकळत्या पाण्यात घालायचं काम माझं होतं. तो वास, सोड्याचा आणि निलगिरीचा मिळून झालेला, आजही माझ्यासाठी दिवाळीच्या आधीच्या दिवसांचा वास आहे. बाबांनी स्वतः कधी कुरकूर केली नाही. बँकेत काउंटरवर बसायचे, गिऱ्हाइकासमोर शिंक येऊ नये म्हणून नाक चिमटीत धरून ठेवायचे. पुढं कधीतरी, मी आठवी-नववीत असेन, त्यांच्या उशाशी थेंबांची एक बारकी बाटली आली. दोन थेंब टाकले की मिनिटभरात नाक मोकळं. त्या पहिल्या रात्री ते किती शांत झोपले होते ते मला आठवतं. आई म्हणाली होती, ‘देवच पावला.’

ऑस्टिनला मी २०१३ मध्ये आले. पहिले दोन हिवाळे काही झालं नाही. इथले जुने लोक म्हणायचे, थांब, सीडर तुलाही गाठेल. या भागातल्या चुनखडीच्या टेकड्यांवर एक झाड माजलेलं आहे. नाव त्याचं ॲश ज्युनिपर, पण सगळे त्याला सीडरच म्हणतात. नर झाड वेगळं, मादी वेगळं. मादी झाडाला निळसर फळं धरतात. डिसेंबर लागला की नर झाडं टोकाटोकांशी तांबूस होत जातात, जणू गंज चढलाय. मग उत्तरेकडून थंड, कोरडा वारा सुटतो, लख्ख ऊन पडतं आणि ती झाडं फुटतात. फुटतात हा शब्द मी विचार करून वापरतेय. एका जानेवारीत नदीकाठच्या वाटेवर चालताना मी स्वतः पाहिलं: वाऱ्याची झुळूक आली आणि समोरच्या झाडातून पिवळट धुराचा लोट उठला. कुठं आग लागली म्हणून मी थबकले. तो धूर नव्हता, परागकण होते. आग लागली समजून अग्निशमन दलाला फोन करणारे लोकही इथं असतात. या दुखण्याला इथं सीडर फीव्हर म्हणतात. नावात ताप आहे, अंगात ताप नसतो. अंग मात्र ताप आल्यासारखंच मोडून येतं. तिसऱ्या हिवाळ्यात मला त्यानं गाठलं, आणि दरवर्षी एक पायरी वर चढत गेलं.

त्या संध्याकाळी फार्मासिस्ट बाईंनी मला जे सांगितलं ते एका कागदावर लिहूनही दिलं. तो कागद अजून फ्रीजवर आहे. शिंका, खाज, पाण्यासारखं वाहणं, हे गोळीचं काम. सेटिरिझिन घ्या, लोराटाडिन घ्या, फेक्सोफेनाडिन घ्या. पहिलीनं काहींना झोप येते, तिसरीनं फारशी येत नाही, पण ती फळांच्या रसाबरोबर घेऊ नका, गुण कमी येतो. मी रोज सकाळी संत्र्याच्या रसाबरोबरच घेत होते. चोंदणं मात्र गोळीच्या हातात फारसं नाही. नाकाच्या आतलं अस्तर सुजलेलं असतं, ती सूज उतरवायला स्टेरॉइडचा फवारा लागतो. त्यातले काही फवारे इथं दहाएक वर्षांपासून चिठ्ठीशिवाय मिळतात. स्टेरॉइड म्हटल्यावर मी मागे सरले. त्या म्हणाल्या, घाबरू नका, मात्रा अगदी थोडी आणि काम नाकापुरतं, पण वर्षानुवर्षं वापरणार असाल तर डॉक्टरांना दाखवत राहा. मग त्यांनी एक रिकामी बाटली घेऊन मला शिकवलं. मान किंचित खाली. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजव्या. टोक मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कडेच्या रोखानं. फवारल्यावर जोरात हुंगायचं नाही, नाहीतर सगळं घशात उतरतं. मी तोवर दोनदा तो फवारा आणून टाकून दिला होता, कारण एका रात्रीत काही झालं नव्हतं. ‘एका रात्रीत होतच नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पुढच्या वर्षी झाडं तांबडी दिसायच्या आधी सुरू करा.’

लाल गोळ्यांचं खोकं त्यांनी हलकेच बाजूला सरकवलं. त्यात फिनाइलेफ्रिन होतं. नाक मोकळं करायला म्हणून ते कित्येक वर्षं पोटात घ्यायला दिलं जात होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं त्याच्या आदल्याच सप्टेंबरात, २०२३ मध्ये, एकमतानं सांगितलं होतं की तोंडानं घेतलं तर त्याचा नाकावर परिणामच होत नाही. पुढं २०२४ च्या नोव्हेंबरात ते चिठ्ठीशिवाय विकायच्या औषधांच्या यादीतून काढायचा प्रस्तावही आला. धोक्याचं नव्हतं, निकामी होतं. म्हणजे ज्या रात्री मी घड्याळाकडे बघत ‘आता लागू पडेल, आता पडेल’ म्हणत बसले होते, त्या रात्री लागू पडण्यासारखं माझ्या पोटात काही नव्हतंच. याचा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. आजारी माणूस औषधावर विश्वास टाकतो तेव्हा त्याच्याकडे टाकायला दुसरं फारसं काही उरलेलं नसतं. नाक खरोखर मोकळं करणारी गोळी, स्यूडोएफेड्रिन, ती मांडणीवर ठेवतच नाहीत. तिच्यापासून नशेचं रसायन बनवतात म्हणून २००६ पासून ती काउंटरच्या मागे आहे. ओळखपत्र दाखवायचं, सही करायची, मोजून घ्यायची. माझा रक्तदाब ठीक होता म्हणून त्यांनी तीन दिवसांपुरती दिली. फवाऱ्याचा गुण येईपर्यंतचा पूल म्हणून.

आणि मग त्यांनी विचारलं, ‘नाकात टाकायचे थेंब किंवा झटपट मोकळं करणारा फवारा वापरत नाही ना? वापरलात तर तीन दिवसांच्या वर नको. नाकाला त्याची सवय लागते. औषध उतरलं की आधीपेक्षा जास्त सुजतं.’

तीन दिवस.

बाबांच्या उशाशी ती बाटली तीस वर्षं होती.

माझं रडू त्याचं होतं, हे मला नंतर कळलं. त्या वर्षी माझा हिवाळा निभावला. नवव्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा तोंड बंद होतं. इतकी साधी गोष्ट, ओठ मिटून झोपणं. चहाच्या पातेल्यावर वाकले तर आलं आणि गवती चहा वेगवेगळे ओळखू आले. डोळ्यांसाठी बाईंनी सांगितलेले केटोटिफेनचे थेंब चुरचुरायचे, पण दहा मिनिटांत खाज बसायची. संध्याकाळी बाहेरून आल्यावर केस धुवायचे, कपडे बदलायचे, खिडक्या लावून घ्यायच्या. आणि जलनेती, जी आईनं मला दहाव्या वर्षी तांब्याच्या नळीच्या भांड्यानं शिकवली होती आणि मी पुढं सोडून दिली होती. फक्त इथं नळाचं पाणी तसंच वापरत नाहीत. २०११ मध्ये लुइझियानात नळाच्या पाण्यानं नाक धुतल्यावर दोन माणसं मेंदूत अमीबा जाऊन दगावली, तेव्हापासून उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणीच घ्यायचं असं सगळे बजावतात. आई पाणी उकळूनच घ्यायची. का, ते तिनं कधी सांगितलं नव्हतं. एका नाकपुडीतून घेतलेलं कोमट खारट पाणी दुसरीतून बाहेर पडलं की वाटतं, दिवसभराची पिवळी धूळ त्याच्याबरोबर गेली.

मार्च उजाडला तशी मी पुन्हा टेकड्यांवर जाऊ लागले. ज्या झाडाला मी तीन महिने शिव्या दिल्या, त्याच्या बुंध्यावरून सालीच्या लांब धाग्यासारख्या पट्ट्या सुटतात. त्या पट्ट्या कोळ्याच्या जाळ्यानं सांधून सोनेरी गालांचा एक इवलासा पक्षी घरटं बांधतो. त्याची वीण टेक्ससच्या याच मध्यभागात होते, दुसरीकडे कुठंही नाही, आणि साल मिळते ती जुन्या ज्युनिपरचीच. हे कळल्यावर झाडाचा राग धरणं मला जड जाऊ लागलं. त्याच वाटेवर, पार्किंगच्या कडेला, मला दुसरं एक ओळखीचं झुडूप दिसलं. गाजराच्या पाल्यासारखी पानं, वर मोहरीएवढी पांढरी फुलं. मी खाली बसून पाहिलं. गाजरगवत. आमच्या कोथरूडच्या मोकळ्या प्लॉटवर कंबरभर वाढायचं तेच. कोणी काँग्रेस गवत म्हणतं, कोणी चटकचांदणी. त्याचं मूळ इथलंच, मेक्सिकोच्या आखाताभोवतालचं. १९५० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आपल्याकडे आलं असं मानतात, आणि त्याच दशकात ते पहिल्यांदा नजरेत भरलं ते पुण्यात. इथं ते रस्त्याकडेला चार-दोन रोपं धरून गुमान उभं होतं. बाबांना ज्यानं जन्मभर छळलं ते माझ्या या नव्या मुलखातून गेलेलं, आणि मला छळणारं झाडही याच मुलखातलं. मी कितीतरी वेळ तिथं बसून होते.

त्या दिवाळीला पुण्याला गेले. बाबा अठ्ठ्याहत्तरचे. पाऊस नुकता सरलेला, हवेत धूळ, फटाक्यांचा वास, आणि मागच्या बिल्डिंगच्या अर्धवट पडून राहिलेल्या प्लॉटवर गाजरगवत फुलून पांढरं झालेलं. रात्री मला जाग आली ती ओळखीच्या आवाजानं. बाटलीचं झाकण फिरवल्याचा आवाज, मग दोनदा श्वास ओढल्याचा. दोन वाजले होते. साडेचारला पुन्हा. सकाळी मी बघितलं, उशाशी एक बाटली, बाथरूमच्या फळीवर एक, बाहेर जायच्या पिशवीत एक. आई म्हणाली, ‘ते औषध संपलं तर त्यांचा जीव घाबरा होतो. केमिस्ट ओळखीचा आहे, रात्री अकरालासुद्धा आणून देतो.’ त्या केमिस्टनं वाईट हेतूनं काही केलं असं मला वाटत नाही. मागितलं ते दिलं. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, आणि मी औषधांच्या नावांमागे धावत जगाच्या पलीकडे जाऊन बसले होते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं गॅलरीत बसलो होतो. बाबा रुमालाची घडी करत होते. अजूनही चौकड्याचेच. मी विचारलं, ‘बाबा, तुमचं नाक वाहतं की चोंदतं?’

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही. मग हळूहळू बोलू लागले. ‘वाहायचं ते तू लहान असताना. पाणी, नुसतं पाणी. शिंका आणि पाणी. बँकेत ते फार लाजिरवाणं व्हायचं. मग ते थेंब मिळाले. नंतर वाहणं कमी झालं आणि चोंदायला लागलं. आधी रात्रीचं, मग दिवसा. उजवी जास्त. आणि वास… वास तर गेलाच कधीचा. तुझी आई म्हणते खमंग झालंय, मी हो म्हणतो.’ एवढं बोलून ते थांबले. ‘हे तू आज विचारतेस,’ असं म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. उलट त्यांचा चेहरा उजळला होता, कुणीतरी खातं उघडून पहिल्यापासून नोंदी तपासायला बसल्यासारखा.

थेंब एकदम बंद करायचे नसतात. मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, बाबांना रक्तदाब असल्यानं माझ्या फ्रीजवरचा कागद त्यांना जसाच्या तसा चालणार नव्हता. डॉक्टरांनी नाकात दिवा घालून बघितलं आणि सांगितलं की आधी एकाच नाकपुडीचे थेंब सोडायचे, दुसरीचे चालू ठेवायचे, म्हणजे श्वास घ्यायला एक वाट राहते. दोन्हींत स्टेरॉइडचा फवारा रोज. पहिली सुधारली की दुसरी. बाबांनी हे फार मनावर घेतलं. कालनिर्णयच्या चौकटींत बॉलपेननं बारीक अक्षरात ‘उ’ आणि ‘डा’ लिहायला सुरुवात केली, थेंब टाकले तर शेजारी टिंब, नाही टाकले तर फुली. पहिल्या आठवड्यात रात्र रात्र खुर्चीत बसून काढली. एका पहाटे मी उठले तर ते अंधारात बसले होते, बाटली हातात, झाकण न उघडता. मी शेजारी जाऊन बसले. फवारा डोळ्याच्या कडेच्या रोखानं कसा मारायचा ते त्यांना पुन्हा एकदा दाखवलं. हात थरथरतो त्यांचा, म्हणून आम्ही कोपर टेबलावर टेकवायची युक्ती काढली.

मला परत यावं लागलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, टेकड्या अजून हिरव्या असतानाच, मी माझा फवारा सुरू केला. जानेवारीत झाडं फुटली तेव्हा शिंका आल्या, डोळेही खाजले, पण रात्री मी आडवी होऊन झोपले. बाबांचा फोन रविवारी असतो. त्या रविवारी हवापाण्याचं बोलून झालं, आईनं तिळगुळाचं विचारलं, मग बाबांनी फोन घेतला. कागदाचा आवाज आला, कॅलेंडर भिंतीवरून काढलं असावं. ‘उजवीला आज एकोणचाळीस फुल्या झाल्या,’ ते म्हणाले. ‘डावीला परवा सोडलं. ती अजून रुसलेली आहे.’